वहीतले चार

सानिका, निहार, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आबांचं एवढं झालं होतं तर आधी का नाही सांगितलंस?" नेटवर्क नीट नाही म्हणून मी फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. आबांना जाऊन सहा आठवडे झाले. उत्तर लिहूनच देते, कारण कागदावर मला टाळाटाळ जमत नाही... निदान असं मी समजत होते.

अंबरनाथच्या कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करण्यात आबांची बत्तीस वर्षं गेली. घरी कुणी पडद्याचं माप घेत असलं तरी ते मागून म्हणायचे, "माप खोटं नसतं, धरणारा हात खोटा असतो." वंदनेची फळी त्यांनी स्वतःच्या उंचीच्या मापाने ठोकलेली, बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती रोज सकाळी तेच लावत. गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यांचा उजवा हात खांद्याशीच अडला. त्यांनी मेणबत्ती डाव्या हाताने लावली.

नसांचा आजार निघाला. तो बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उल्हासनगरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पूजा नावाची सिंधी मुलगी होती. तिने मला घरी ताकद तपासायला शिकवलं: हात बाजूला खांद्याच्या रेषेत धरायला सांगायचा आणि कोपराच्या जरा अलीकडे हात ठेवून खालच्या दिशेने दाबायचं. भरपूर जोराला टिकला तर पाच, मध्यम जोराला चार, न दाबता नुसता टिकला तर तीन, खालून आधार दिला तरच हलला तर दोन. मी वही आणली, रकाने आखले. दर सोमवारी आंघोळीनंतर तपासणी. चार. पुन्हा चार. तुमचे बाबा फोनवर विचारायचे, तेव्हा मी वहीतून वाचून दाखवायची. त्या चारच्या भरवशावर तुमचं येणं डिसेंबरच्या सुट्टीवर गेलं.

नोव्हेंबरात पूजाने मशीन लावलं. स्नायू काम करताना त्यात बारीक वीज खेळते, ती पडद्यावर रेघ होऊन दिसते. एक चिकटपट्टी खांद्यावर, एक मानेजवळ.

"अंकल, मान नका खेचू. चीटिंग नहीं."

"पोरी, बत्तीस वर्षं मी लोकांची चीटिंग पकडलीय."

तिने त्यांचा हात वर आणून सोडला. तो खाली आला. तिने दाबलंच नव्हतं. मानेजवळची रेघ जाड झाली होती, खांद्याची जवळजवळ सपाट. ती माझ्याकडे वळली. "आंटी, घरी कसं करता? माझ्या हातावर दाखवा." मी दाखवलं. तिने वाकून माझे हात पाहिले. मग म्हणाली, "आंटी, दुसरा हात खालून कशाला?"

मी पाहिलं. माझा डावा हात तिच्या कोपराखाली होता. तो तिथे कधीपासून जायला लागला, मला खरंच माहीत नाही.

तोवर आबा पडद्याकडे बघून एकटेच हात उचलायचा प्रयत्न करत होते. हात मांडीवरून हलला नाही, पण सपाट रेघेला बारीक कंप आला.

"म्हणजे मी उचलतोय ना?"

"हो अंकल, उचलताय."

"मग हाताला कळवा कुणीतरी."

परतताना रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला कळत होतं?"

"दुसऱ्याच महिन्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"चार लिहिलं की तू चहात साखर घालायचीस. नाहीतर डॉक्टरांचं ऐकून फिका द्यायचीस."

त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाबांना खरं सांगितलं. तिकिटं मिळाली ती बाराव्या दिवसाची. आजार तोवर छातीत उतरला होता, श्वास ओढणारे स्नायूही थकले. नवव्या दिवशी आबा गेले. तुम्ही पोहोचलात ते थेट त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला. शेवटच्या दिवसांत त्यांनी दोनदा विचारलं, "मुलं निघाली का?" मी दोन्ही वेळा हो म्हणाले. तेव्हा तुम्ही निघाला नव्हतात.

माझं चुकलं, हे मी तुम्हाला सांगते आहे. त्याने काही बदलत नाही.

फळी होती तिथेच आहे. मी स्टुलावर चढून मेणबत्ती लावते. वही कपाटात आहे, मी काही खोडलेलं नाही. दवाखान्यातून आल्यावर आबांनी मला समोर बसवून पूजाने सांगितलेला आकडा लिहायला लावला: दोन. त्या वहीतले पहिल्या काही आठवड्यांचे आकडे खरे आहेत, आणि हा शेवटचा.