मांजरीच्या घराची खीर

माझी नात आता तिसरीत आहे आणि तिला गुपित राखता येतं. हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही, कारण ते तिला मी शिकवलं.

माझा एकुलता एक मुलगा अमेरिकेत असतो. सून आणि नात इथे पुण्यात कात्रजला, सुनेच्या आईच्या घरी राहतात. नवराबायकोचं का फाटलं त्यात मी शिरत नाही. शिरले तेव्हा दोन्हीकडून मला अर्धंच ऐकायला मिळालं. कोर्टाने हुकूम दिला की त्याने दोघींसाठी दरमहा पोटगी द्यायची. काही महिने त्याने दिली आणि मग थांबवली. "आई, इथे घराचे हप्ते काय असतात तुला कल्पना नाही," असं तो मला फोनवर म्हणाला. नव्हतीच कल्पना. पण बँकेला वेळच्या वेळी पैसे द्यायचे आणि पोटच्या मुलीला थांबवायचं, हा हिशोब मला कुठल्याच देशाचा वाटेना.

इथल्या कोर्टाचा हुकूम तिकडे जाऊन आपोआप काही करत नाही, हे मला त्यानंतर कळलं. नोटीस ईमेलने गेली. त्याने ती उघडली का, हे कोण बघणार? वॉरंट निघालं, पण ते बजावायला माणूस तर इथे हवा. कोर्टाचा बेलिफ माझ्या घरी येऊन गेला. "मुलगा कधी येणार, बाई?" मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "आईला कळवून येणारा असता तर तुम्हाला इथवर यावं लागलं असतं का?" तो बिचारा कप ठेवून निघून गेला.

आमच्या घरात कायद्याला फार मान. सासऱ्यांच्या पिढीने धम्म स्वीकारला, माझ्या नवऱ्याची उभी हयात सरकारी नोकरीत गेली, आणि भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांनी आपल्याला कायदा दिला, हे ऐकत माझा मुलगा मोठा झाला. शाळेत दर एप्रिलमध्ये तो त्यावर भाषण करायचा आणि बक्षीस आणायचा. ती बक्षिसं अजून कपाटावर आहेत. धूळ मीच पुसते.

लग्नाआधी त्याने पुण्याच्या टोकाला, मांजरी गावात एक फ्लॅट बुक केला होता. ते बांधकाम मध्येच बंद पडलं होतं, त्यामुळे सून तो विषय विसरूनही गेली असावी. तर त्याच फ्लॅटचा ताबा मिळाला. त्याच्या वतीने सह्या करायचं मुखत्यारपत्र माझ्याकडे होतं. तो म्हणाला, "भाडेकरू ठेव, भाडं तुझ्या खात्यात राहू दे. फक्त कात्रजला बोलू नकोस."

"का?"

"कोर्टाला कळलं की टाच येईल त्यावर. मग मी तिकडे कशाला येऊ?"

मला पेन्शन आहे, भाड्याची गरज नव्हती. पण 'कशाला येऊ' हे शब्द मला लागले. मी गेल्यावर तरी हा येईल की नाही, असा विचार त्या क्षणी मनात आला, आणि मी गप्प बसले. भित्रेपणाच तो. त्याला मी तेव्हा आईचं मन असं नाव दिलं.

भाडेकरूच राहणार असला तरी वंदनेशिवाय घर सुरू करायचं मला पटेना. भंतेजींना बोलावलं, पांढरं वस्त्र अंथरून बुद्धमूर्ती ठेवली, शेजारपाजारचे चार लोक आले. मुलगा मोबाइलवर हजर होता. त्याला मी खिडकीत टेकवून ठेवलं होतं. खिडकीबाहेर ऊस आणि त्यात उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. आम्ही सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी मोठ्याने म्हटलं. माझा आवाज तसाही मोठा आहे. मग खीर वाटली.

आणि तिथे माझं चुकलं. खीर उरली होती, दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी मी नातीला भेटायला कात्रजला जाते. शेजाऱ्यांना खीर द्यायची आणि नातीला वगळायचं, हे माझ्या हाताला जमेना. मी स्टीलचा डबा भरला आणि बस पकडली. वाटेत एकदाही मनात आलं नाही की आमच्या घरात उगीच कुणी खीर करत नाही, आणि ते त्या पोरीला पक्कं माहीत आहे.

"आजी, आज पौर्णिमा आहे?" तिने डबा उघडताच विचारलं. "मग कसली खीर?"

सून आंघोळीला गेली होती. "बाबाने घर घेतलं ना मांजरीला, त्याची," मी बोलून गेले.

"वॉव! मग आम्ही कधी जायचं राहायला?"

हा प्रश्न त्या घराबद्दल माझ्या मुलाने विचारला नव्हता, मीही नव्हता. मी म्हटलं, "अगं, तसं नाही. आणि आईला सांगू नकोस हं. हे आपल्या दोघींचं सीक्रेट." तिने ओठांवर बोट ठेवलं. मोठ्या माणसाने आपल्याला सीक्रेट दिलं, याचा तिला केवढा आनंद झाला होता! पुढे दर रविवारी मी गेले की ती आईच्या पाठीमागून तसंच ओठांवर बोट ठेवून दाखवायची. मला ते आवडायचंही. लिहिताना आता शरम वाटते, पण आवडायचं.

मग मे महिन्यात, जेवताना, सून म्हणाली, "आई, जूनपासून हिची शाळा बदलतेय. इथली फी मला झेपत नाहीये." नातीला हे आधी सांगितलेलं असावं, ती मान खाली घालून भात कालवत होती. "वकील म्हणतात, त्याच्या नावावर इथे काही सापडलं तर कोर्ट त्यातून वसूल करू शकेल. नाहीतर तिकडून काढणं अवघड आहे. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"असतं तर मी तुला सांगितलं नसतं का?" मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं, पुन्हा आमटी मागावी तसं.

नातीने वर पाहिलं नाही. ओठांवर बोटही ठेवलं नाही. भात कालवत राहिली.

निघताना मी चपला घालेपर्यंत ती माझ्याजवळ उभी होती. हळूच म्हणाली, "आजी, आता सांगितलं तर चालेल का? मला माझी शाळा सोडायची नाहीये."

महिनोन्‌महिने ती परवानगीची वाट पाहत होती. शाळा हातची जात होती, तरी आजीला दिलेला शब्द तिने मोडला नव्हता. मी तिला "थांब हं" म्हटलं आणि चक्क निघून गेले. बसस्टॉपवर बसले. माझी बस आली आणि गेली. मग उठले आणि परत जिना चढले.

दारातच, चपला न काढता, मी सुनेला सांगून टाकलं. फ्लॅट, भाडं, खीर, सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. पण तिने लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

पोर रडायला लागली. माझ्यासाठी ती आईची गुन्हेगार झाली होती.

पुढचं काम सरळ होतं. मी कागद वकिलांना दिले, प्रतिज्ञापत्र केलं, साठलेलं भाडं कोर्टात भरलं. आता भाडेकरू दरमहा भाडं कोर्टात जमा करतो. शाळा तीच राहिली. मुलाने मुखत्यारपत्र रद्द केलं आणि फोनवर एवढंच म्हणाला, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, आई." त्याच्याबद्दलही मला अपराधी वाटतं, कारण त्याला इकडे यायला जी भीती वाटते, तिच्यावर आता माझीही सही आहे. पण ते मी सोसू शकते.

सोसवत नाही ते दुसरंच. सून मला अजून येऊ देते, हा तिचा मोठेपणा. गेल्या रविवारी मी नातीसाठी शेंगदाण्याची चिक्की नेली होती. पाच रुपयांची चिक्की. तिची आई समोरच भाजी निवडत बसली होती. नातीने पुडा हातात घेतला, उघडला नाही. माझ्या कानाशी आली आणि विचारलं, "आजी, हे आईला सांगायचं आहे ना?"