तिसऱ्या बेसवरचा आउट

माझी पत्नी बुधवारी दुपारी वारली.

ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि जिल्ह्यातल्या शालेय सामन्यांत पंच म्हणून उभी राहायची. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत मैदानावर जायचो, सावलीत पुस्तक घेऊन बसायचो. परतताना स्कूटर ती चालवायची. कोण का आउट झालं ते मी मागून विचारायचो आणि ती सांगायची. वाऱ्यात अर्धंच ऐकू यायचं. तेवढ्यावर मला खेळ कळतो, असं मी धरून चाललो होतो.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचे एक सहकारी सर जेवताना शेजारी बसले. म्हणाले, "सर, मुलींची बेसबॉल स्पर्धा आली तोंडावर. पंचात मॅडमचं नाव होतं. तुम्हीच उभे राहा ना आता. एवढी वर्षं त्यांच्यासंगं येऊन राह्यले."

मी हो म्हणालो. तिच्या जागेवर उभं राहायला मिळेल, एवढंच तेव्हा मनात आलं.

आमच्याकडे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणाऱ्या मुली त्याच, मैदान तेच. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातून चेंडू सुटेपर्यंत बेसवरून पाय काढायचा नसतो. काढला की आउट. बेसबॉलमध्ये मात्र धावणारीला आधीच पुढे सरकता येतं. त्याला लीड म्हणतात. हा फरक मला माहीत नव्हता. सामन्याच्या दिवशी तो कळलाही नसता, कारण बहुतेक मुली सॉफ्टबॉलच्या सवयीनं बेसला पाय चिकटवूनच उभ्या राहत होत्या.

शेवटच्या डावात देऊळघाटच्या मुली एका धावेनं मागे होत्या. दोघी आउट झाल्या होत्या. तिसरी आउट झाली की खेळ संपणार होता. त्यांची सगळ्यात चपळ मुलगी तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, माझ्यासमोर होती. पिचरनं हात उचलायच्या आधीच ती पुढे सरकली.

मी मूठ वर केली. "आउट!"

"काऊन आउट?" त्यांचे प्रशिक्षक धावत आले. "लीड घेतली तिनं, सर!"

कडेला समोरच्या संघाच्या मुली ओरडल्या, "घाई झाली वो बाईले! घरी स्वयंपाक राह्यला का?"

"चेंडू सुटायच्या आधी पाय निघाला," मी म्हणालो. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी पुढे बोललो, "मॅडम असंच आउट द्यायच्या."

प्रशिक्षकांनी मुख्य पंचांकडे पाहिलं. मुख्य पंच म्हणजे मला बोलावणारे तेच सर; त्यांनी खाली पाहिलं. माझ्या शर्टाला तिच्या फोटोची छोटी पिन होती. मुली एकेक करून मैदानाबाहेर गेल्या.

चहा घेताना सर हळूच म्हणाले, "बेसबॉलमध्ये लीड चालते, सर. मी बोलाले पाहिजे होतं. पण तुम्ही मॅडमचं नाव घेतलं, मंग जीभच उचलली नाही."

देऊळघाटच्या मुली अजून फाटकाशी होत्या, जीपमध्ये बसत होत्या. निकालावर सह्या व्हायच्या होत्या. मी उठून दोन शब्द बोललो असतो तर त्या परत आल्या असत्या. मी चहा संपवला आणि सही केली. माझ्या दुःखाकडे बघून सगळे गप्प बसले आहेत, हे मला कळत होतं. ती सवलत मी घेतली.

महिन्याभरानं देऊळघाटच्या शाळेत गेलो. मी आउट दिलेली मुलगी वर्गाबाहेर आली आणि मी बोलायच्या आधी तिनंच विचारलं, "सर, उन्हाळ्याच्या शिबिरात मॅडमनंच शिकवलं होतं मले, बेसबॉलमध्ये लीड घ्याची म्हणून. त्या चुकल्या होत्या का?"

"नाही. मी चुकलो. त्यांचं बरोबर होतं."

"मंग तुम्ही तव्हाच काऊन नाही सांगतलं?"

तेवढ्यात घंटा झाली. ती "जातो सर, तास हाय" म्हणाली आणि वर्गात गेली.

त्या वर्षी देऊळघाटचा संघ विभागीय स्पर्धेला गेला नाही. निकाल तसाच आहे, आणि त्यावर माझी सही आहे.