चौकातले हंस

चैत्रातल्या सोलापूरला दुपार होण्यासाठी दुपारची वाट पाहावी लागत नाही. शाळेची पहिली घंटा होते न होते तोच डांबर मऊ पडू लागतं, पत्र्यांवरून ऊन ओघळतं, आणि गिरण्यांच्या धुराड्यांवरचं आकाश निळं राहायचं विसरून पांढरंफटक होतं. सकाळची शाळा सुटून मी सात रस्त्याकडून घरी परतत असे, तेव्हा आमचा चौक दिसण्याआधीच तिथल्या पाणपोईचा गंध यायचा. ओली वाळू, नवा रांजण, त्यात सोडलेली वाळ्याची जुडी आणि वरून झडणारा कडुलिंबाचा मोहर, या सगळ्यांचा मिळून झालेला तो एक गार, किंचित कडवट वास होता. डोळ्यांपुढे नुसतं ऊन नाचत असताना नाकाला आधी कळायचं, की आता पाणी आलं.

तट्ट्याच्या तीन भिंती, वर कडब्याच्या पेंढ्या, आत वाळूत अर्धे पुरलेले रांजण आणि त्यांच्यामागे लांब दांड्याचं तांब्याचं ओगराळं घेऊन बसलेली गंगव्वा. ती मूळची दुधनीची. लग्न होऊन गिरणीतल्या कामगाराच्या घरी आली आणि त्याच्यामागे एकटीच इथे राहिली. चौकातले दुकानदार तिच्या ज्वारीची सोय करत, आणि ती पाडव्यापासून मृगापर्यंत येईल त्याच्या ओंजळीत पाणी ओतत असे. कोण, कुठला, कुणाचा, हे तिने कधी विचारलं नाही. ओंजळ भरून सांडू लागली, की ती एवढंच विचारायची, पुरे का. पण ते मात्र समोरच्याचा चेहरा पाहून. कानडी माणसाला ‘साकेन?’, मागावरून उठून आलेल्या तेलुगू विणकराला ‘चाला?’, टांगेवाल्याला ‘बस क्या?’ आणि मला ‘बास का, बाई?’

मला या गावाचा अभिमान होता, आणि तो असा मुठीत धरून दाखवण्यासारखा नव्हता, हीच पंचाईत होती. पुण्याहून आलेले नातेवाईक धूळ झटकत विचारायचे, की तुमच्या सोलापुरात बघण्यासारखं काय आहे. चादरी पाहून झाल्या, देऊळ आणि तळं पाहून झालं, की मी त्यांना या पाणपोईवर घेऊन जायची. माझी मावसबहीण एकदा तिथे उभी राहून इकडेतिकडे पाहत राहिली आणि मग हसून म्हणाली, की अगं, पण आहे कुठे ते? ज्याला तहानच लागलेली नाही, त्याला पाणी काय दाखवणार?

दुष्काळ नुकताच सरला होता, आणि गाव एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासारखं एकदम खा खा करू लागलं होतं. शेतांच्या जागी वसाहती येत होत्या, बँकांच्या नव्या शाखा निघत होत्या, टांग्यांच्या घोड्यांना रिक्षांचे भोंगे बिचकवत होते. दुकानांच्या फळ्या जाऊन काचा आल्या. काचा आल्यावर दुकानदारांना आपलाच चौक त्या काचांतून दिसू लागला आणि तो त्यांना आवडेना. त्यातून चौक सुशोभन समिती जन्माला आली. महिला प्रतिनिधी हवी म्हणून मुलींच्या शाळेतली शिक्षिका या नात्याने मला घेण्यात आलं. माझ्याकडून औक्षणाच्या ताटापलीकडे फारशी अपेक्षा नव्हती, हे मला पहिल्याच बैठकीत, चहाचे कप माझ्यापुढे सरकवण्यात आले तेव्हा, समजलं.

समितीचे अध्यक्ष मल्लिनाथअप्पा. चौकातली कापडाची सर्वांत मोठी पेढी त्यांची. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मऊ, माणूस मनाने दिलदार. बैठका त्यांच्या दुकानाच्या माडीवर भरत, आणि कापडाच्या गठ्ठ्यांच्या खळीचा वास घेत आम्ही आमच्या गावाची ओळख काय, यावर वाद घालत असू. चौकाच्या मध्यभागी काहीतरी उभं राहिलं पाहिजे, यावर एकमत होतं. काय, यावर नव्हतं. कुणीतरी हातमाग सुचवला. त्यावर दुसऱ्याने, ज्याचा बाप जन्मभर मागावर बसला होता त्यानेच, तोंड वाकडं केलं, की बाहेरच्यांना वाटेल आपण अजून तिथेच आहोत. चादरीचा पुतळा कसा करणार, म्हणून चादर बाद झाली. अखेर कुणाच्या तरी जावयाने कुठल्यातरी मोठ्या शहरात पाहिलेलं कारंजं पुढे आलं. त्यात दोन हंस. हंसांच्या चोचींतून पाणी. सगळ्यांचे चेहरे उजळले. आठवड्यातून मोजक्याच वेळा नळाला पाणी येणाऱ्या गावात हे चाललं होतं, आणि हसू येत होतं ते फक्त मला.

हसू पुढे फार टिकलं नाही, कारण कारंज्याची जागा लिंबाखालचीच निघाली. म्हणजे पाणपोई उठणार. मी म्हटलं, काही बांधायचंच असेल तर पाणपोईच दगडात बांधा, कमान करा, हवं तर तिच्यावर तुमचे हंस बसवा. मल्लिनाथअप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. ही पाणपोई त्यांच्याच वडिलांनी घातलेली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे तिची बाजू मांडताना माझीच जीभ अडखळत होती.

“बाई,” ते म्हणाले, “आमच्या वडिलांनी पाणी ठेवलं, कारण तेव्हा हे गाव होतं. आता आपण शहर आहोत की. स्टेशनवरून पाहुणा आला, की त्याला पहिल्यांदा शेवाळलेले रांजण दिसायचे, हे बरं दिसतं का?”

पुढचे काही आठवडे मी दुकानोदुकानी हिंडले. पानवाला, भांडीवाला, सायकल दुकानवाला, सगळ्यांनी माझं म्हणणं ऐकलं, सगळ्यांनी मान डोलावली, खरं हाय बाई, तुमी म्हणता ते लई खरं हाय, असं म्हणून एकाने तर मला लिंबू सरबत पाजलं. पुढच्या बैठकीत मतं घेतली तेव्हा या सगळ्यांचे हात कारंज्यासाठी वर गेले. तो संताप अजून माझ्या छातीत तसाच आहे. विरोध करणाऱ्याशी भांडता येतं. पण जो तुमच्याशी सहमत होऊन तुमच्या विरुद्ध हात वर करतो, त्याच्याशी काय बोलायचं? मी घरी आले आणि त्या दिवशी माझ्या हातून विनाकारण दोन कपबश्या फुटल्या.

एवढं होऊनही मी हार मानली नाही. आमच्या शाळेच्या फाटकाशी वडाची सावली होती. मुख्याध्यापिकांच्या मागे लागून, संस्थेच्या लोकांची मनधरणी करून मी तिथे रांजण ठेवायची परवानगी मिळवली. वाळू टाकून घेतली. आता रांजण आणायचे आणि गंगव्वाने येऊन बसायचं, एवढंच राहिलं होतं. पण ज्या दिवशी चौकातले रांजण हलवले, त्या दिवसापासून गंगव्वा दिसेनाशी झाली. कुणी म्हणालं दुधनीला गेली, कुणी म्हणालं लेकीकडे. हिचा असा अपमान केला, हिला कुणी विचारलंसुद्धा नाही, म्हणून मी रोज थोडी थोडी पेटत राहिले.

उद्घाटनाला मी ताट घेतलं नाही. मागे, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. हंस सिमेंटचे होते, पांढऱ्या रंगाचे, चोची नारिंगी. माना जरा आखूड झाल्यामुळे पोरं त्यांना बदकंच म्हणत होती. टँकरने हौद भरून ठेवला होता. पाहुण्यांनी कळ दाबली, थोडा वेळ नुसतीच घरघर झाली, आणि मग दोन्ही चोचींतून पाणी उसळलं. खोटं कशाला सांगू, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते पाणी वर जाऊन फुटलं तेव्हा क्षणभर माझंही मन त्याच्याबरोबर वर गेलं. आमच्या या रखरखीत गावात पाणी असं उधळलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग बाजाराला आलेली काही माणसं पुढे झाली, हौदात ओंजळी बुडवून प्यायला लागली, आणि छातीला फीत लावलेले स्वयंसेवक त्यांना हाकलू लागले. पिण्याचं न्हाय, पिण्याचं न्हाय, असं ते ओरडत होते. भाषणात मात्र कुणीतरी सोलापूरच्या दानशूर परंपरेचा उल्लेख केला, आणि टाळ्या पडल्या.

टँकर पुन्हा आला नाही. सणासुदीला सोडू, असं ठरलं. हौदात शेंगांची टरफलं आणि लिंबाची पिवळी पानं साठू लागली, आणि वैशाखाच्या धुळीने हंसांचा रंग हळूहळू आमच्या घरांच्या भिंतींसारखा झाला.

अशाच एका संध्याकाळी मी चौकातून जात असताना मला गंगव्वा दिसली. हौदाच्या कठड्यावर ती बसली होती, इरकल नेसून, केसांना तेल लावून, मांडीशी दोन नातवंडं. बसण्यातही काही निवांतपणा होता. मी तिला इतक्या वर्षांत उकिडवं बसलेलंच पाहिलं होतं. माझ्या डोक्यात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं एकदम वर आली. मी तिच्याशेजारी बसले आणि शाळेच्या फाटकाबद्दल, वडाबद्दल, वाळूबद्दल सांगत सुटले. या लोकांनी तुला फसवलं, म्हणाले. तुझी जागा तुला परत मिळवून देते, म्हणाले.

तिने सगळं ऐकलं. मग पदराने नातीचं नाक पुसलं.

“मला मल्लिनाथअप्पांनी इचारलं हुतं की, बाई. मीच हो म्हनलं.”

तू का हो म्हणालीस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

“हात भरून येतंय आता. आनि बघा,” तिने हंसांकडे हनुवटी केली, “पानी पिऊन मानूस जातंय. इतकी वरसं गेली, कोन थांबलं न्हाय हितं. आता थांबत्यात, बघत्यात. पोरास्नी दावत्यात. आमच्या दुधनीला असलं काय बी न्हाय.” नातीला जवळ ओढत ती म्हणाली, “मला बी कुटंतरी बसावं वाटतंय की, बाई.”

मी त्या कोरड्या हंसांकडे पाहिलं. माझा राग इतके दिवस तिच्या नावाने पोसला होता. आता तो कुणाच्या नावावर करावा, ते कळेना. गेला मात्र नाही. हौद कोरडा होता, रांजण गेले होते, उन्हाळा अजून निम्मा उरला होता, आणि यांतलं काहीही गंगव्वाच्या सुखाने खोटं ठरत नव्हतं. तिला तिचं शहर सापडलं होतं. मी ज्या शहराचा अभिमान धरून बसले होते, त्यात मात्र तिने कायम उकिडवं बसून राहायला हवं होतं. ही गोष्ट मला फार टोचली, आणि टोचल्याचाही राग आला.

तेवढ्यात अक्कलकोटच्या एस.टी.तून उतरलेला एक माणूस आमच्यापाशी येऊन थांबला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, ओठांवर पांढरे पापुद्रे. दरसालचा असावा, कारण त्याचे डोळे लिंबाखाली काहीतरी शोधत होते. हौदात वाकून त्याने टरफलं पाहिली, मग हंस पाहिले, मग आम्हा दोघींकडे वळला.

“हितं पानी मिळत हुतं की. कुटं गेलं?”

गंगव्वाचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि परत नातीच्या डोक्यावर जाऊन बसला. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, “सांगा की, बाई.”

सोलापूरची गल्ली न् गल्ली मला पाठ होती. मी मनातल्या मनात सगळीकडे जाऊन आले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा मागवल्याशिवाय पेला मिळत नव्हता, सार्वजनिक नळ सकाळीच आटला होता, शाळेचं फाटक संध्याकाळी बंद, आणि तिथल्या वाळूवर अजून रांजण बसलेले नव्हते. स्टेशनचा नळ फार लांब. तो माणूस जरा वेळ उभा राहिला, मान हलवली, आणि काठी टेकत रस्त्याच्या धुळीत निघून गेला. माझं घर तिथून दोनच गल्ल्यांवर होतं. ते मला सर्वांत शेवटी आठवलं.