दादाच्या कानांसाठी व्हॉल्व्ह अँप: खारबाव ते भिवंडी, एक शुक्रवार

माझा थोरला भाऊ रविवारचा माझ्याकडे यायचा बंद झाला, तेव्हा मी ठरवलं, आता व्हॉल्व्ह अँप आणायचाच.

दादाची उभी हयात भिवंडीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेली. त्याच्या पगारावर मी पहिला टेम्पो घेतला, आज काल्हेरच्या गोदामांना माझ्या गाड्या लागतात. माझे कान तिखट. बेअरिंग जायच्या आधी मला आवाजावरून कळतं. दादाचे कान मात्र लूमच्या खडखडाटानं खाल्ले. तरी रविवारी जेवून आम्ही दोघं माझ्या खोलीत कोळीगीतांच्या जुन्या रेकॉर्ड लावायचो. मग मी हौसेनं चकचकीत नवा अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेतला आणि तिथंच बिनसलं. दादा आठ्या घालून बसायला लागला. एका रविवारी वहिनीचाच फोन आला, "भावजी, ते बोलतात गाना कानात बोचतंय. वाईट नका वाटून घेऊ."

वाईट वाटलंच. चौकशी केली तेव्हा कळलं की व्हॉल्व्हचा अँप, म्हणजे ज्यात काचेच्या नळ्या तापून आवाज मोठा करतात तो, कानाला मऊ लागतो. पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही एवढं ठरवलं आणि शुक्रवार पकडला. भिवंडीत काही ऐकून घ्यायचं असेल तर शुक्रवारच गाठा. लूमच्या बऱ्याच शेडना सुट्टी असते, शहर जरा शांत असतं.

सकाळी दादाला घेऊन खारबाववरून निघालो. दादानं टेम्पो बघितला आणि हसला.

"अँप आनाचाय का म्हस?"

"जड असतो दादा. आत लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर असतात."

अंजूरफाट्यावर वडापाव आणि चहा, दोघांचं शंभराच्या आत भागलं. तिथून काल्हेर. रस्त्याचं सांगायचं तर लवकर निघा, नाहीतर कंटेनरच्या मागे उभं राहून त्यावरच्या शायऱ्या पाठ होतात.

काल्हेरला एका गोदामात नव्या मालाचं दुकान आहे. तिथला अँप देखणा, व्हॉल्व्ह निळे पेटलेले, किंमत चौदा हजार. विकणाऱ्यानं बटण दाबलं आणि गाणं लगेच सुरू.

"शेठ, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो ना?"

"साहेब, नवीन टेक्नॉलॉजी आहे."

वाकून बघितलं. प्रत्येक नळीच्या बुडाशी निळा दिवा. म्हटलं, "हे व्हॉल्व्ह काम करतात, का नवरदेवाच्या गाडीवरच्या फुलांसारखे नुसते बसलेत?" विकणारा मोकळेपणानं हसला. तेवढ्यात दादा म्हणाला, "आवाज वाढव." त्यानं वाढवला. दादानं तोंड फिरवलं. "घरच्यासारखाच बोचतंय."

दापोड्याला एका ट्रान्सपोर्टवाल्यानं आपला जुना अँप विकायला काढला होता. हा अस्सल होता. बटण दाबल्यावर थांबायला लागलं. पण गाणं संपलं की मागे बारीक घरघर.

"एसीची असेल," तो म्हणाला.

"एसी बंद करा."

एसी बंद झाला, घरघर चालूच. "तुमचे कान आहेत का मांजराचे?" तो म्हणाला.

दादाला घरघर ऐकूच येत नव्हती. आम्ही आवाज पूर्ण वाढवला. दादानं डोळे मिटले, उघडले. "आवाज येतंय रं. शब्द येत न्हाय."

टेम्पोत बसल्यावर म्हणाला, "चल घरी. माझे कानच गेलेत, मशीनला कशाला दोष देवाचा?" दादा तक्रार करत नाही. म्हणून ते वाक्य जास्त लागलं. मी गाडी घराकडे न वळवता भिवंडीत घातली.

शहरात जाणार असाल तर दुपारची नमाज होऊ द्या, मग माणसं भेटतात. सलीमभाईंचं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं, आता घरीच अधूनमधून एखादा अँप जुळवतात. पहिल्या मजल्यावरची खोली, पत्र्याच्या पेटीतला अँप, दिसायला स्टोव्हसारखा. ताकद आठ वॉट.

व्हॉल्व्ह तापले. गाणं लागलं. दादा म्हणाला, "वाढव."

सलीमभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "भाईसाब, धीरे. पोती अभी सोयी है."

आत त्यांची नात झोपली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या घरात कुणी हळू बोललं तर विचारतात, आजारी आहेस का? लूमवाल्यांची ही खोडच, ऐकू आलं नाही की वाढवायचं. सलीमभाईंनी पंखाही बंद केला. दादा पुढं झुकला. थोड्या वेळानं त्याचे ओठ हलायला लागले. गाण्याच्या मागून नाही, गाण्याबरोबर.

"दादा, शब्द येतायत?" मी ओरडलो.

आत पोर रडायला लागलं. आतून बाईंचा आवाज, "जगा दिया ना!"

"तू वरडू नको रं," दादा चिडून म्हणाला, "मना गाना आयकाचाय!"

थोडी घासाघीस करून बावीस हजारांत घेतला, वर व्हॉल्व्हची जादा जोडी. सलीमभाईंनी एक बजावलं, इतक्या कमी ताकदीच्या अँपला थोड्या जोरावरही मोठा वाजणारा स्पीकर लागतो. माझे स्पीकरचे जुने मोठे खोके चालून गेले. तुम्ही घेणार असाल तर हे आधी विचारा.

आता खरं सांगतो. घरी आल्यावर मी चकचकीत अँपही हळू लावून बघितला. पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा वाटला! पण त्यावर गाणाऱ्या बाईचा आवाज वर चढला की दादा अजून कपाळ आक्रसतो, व्हॉल्व्हवर तसं होत नाही. म्हणून बावीस हजार वाया गेले असं म्हणणार नाही. पण माझा सल्ला फुकट घ्या. आधी आवाज कमी करा, मग बाजारात जा.

रविवारी दादा न बोलावता आला, वहिनीनं दिलेले तळलेले बोंबील घेऊन. रेकॉर्ड लावली, हळू. मधेच तो गाण्याच्या खालून काहीतरी बोलला. इतकं हळू बोलताना मी त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला काही कळलं नाही.

"काय?"

"बहिरा झालास का रं?" तो खदखदून हसला आणि परत बोलला, तितकंच हळू.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.