आत्यांच्या लॅपटॉपमधले पाहुणे

इंटरनेटला पुढ्यात बसवून त्याच्या तोंडावर "खोटारड्या!" म्हणणारी एकच बाई मी आजवर पाहिली, ती म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची आत्या. माकुणसार गावात, वाडीतल्या घरी एकट्या राहतात. वय सत्तरीपुढचं, पण आवाज असा की बोईसरला कंपनीत मला त्यांचा फोन आला की शेजारच्या टेबलावरचा माणूसही "आत्या का?" म्हणून विचारतो. हॅलो वगैरे म्हणण्यावर त्यांचा विश्वास नाही, थेट फिर्यादच. "जावईबापू, आज परत मला लॉटरीवर नेलं!" त्याआधी दोनदा रमीवर नेलं होतं, एकदा वजन कमी करायच्या गोळ्यांवर. "मी सांगते कुठं, ह्यो नेतो कुठं! रिक्षावाला असता ना, तर उतरून कानफटात दिली असती मी." मी म्हणायचो, रविवारी येऊन बघतो. "रविवारपरेंत काय रमी खेळत बसू?" एवढं बोलून फोन बंद.

त्यांना जायचं असायचं एकाच ठिकाणी. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनियर. जगातली जहाजं नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारी एक वेबसाइट आहे, ती त्यानंच लॅपटॉपसकट आईच्या हवाली केलेली. भर समुद्रात ठिपका दिसत नाही. जहाज किनाऱ्याजवळ आलं की दिसतो, आणि तो दिसला की एक-दोन दिवसांत लेकाचा फोन येतो, हे आत्यांना पाठ होतं. या खेपेला आफ्रिकेला वळसा घालून जहाज बंदराला लागायची वेळ झाली होती, आणि नेमके आठ दिवस आत्यांना तो नकाशाच बघायला मिळत नव्हता. क्षणभर निळं पाणी दिसायचं, की लगेच भलतंच पान पुढ्यात. दुसरी कुणी असती तर रडली असती. आत्या रोज त्या पानांशी भांडत होत्या.

रविवारी गेलो, लॅपटॉप उघडला, आणि कोपऱ्यातून सूचनांची अशी रांग लागली की मला मूळ पडदाच दिसेना. कुणी आत्यांना गाडी बक्षीस देत होतं, कुणी बिनव्याजी कर्ज. "तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस!" असं एक जण लाल अक्षरांत ओरडत होता. आत्यांनी कनवटीचा फोन काढून त्याच्यासमोर धरला. "फोन हा हाय, खोटारड्या! तू बसलायस लॅपटॉपात!"

"आत्या, एवढ्या सगळ्यांना आत घेतलं कुणी?"

"मी," आत्या जराही न वरमता म्हणाल्या. "विचारत होती ना येताना! 'सूचना दाखवू इच्छिते, अनुमती द्या.' आजकाल इतक्या अदबीनं विचारतं कोण? त्यांना नाय कसं म्हणायचं?"

"अहो, शेजारी 'ब्लॉक करा' असंही होतं."

"ते मला उर्मट वाटलं."

कपाळ माझं! या बाईनं जन्मात कुणाला ओट्यावरून परत पाठवलेलं नाही. मागे पाण्याचे फिल्टर विकणारा एक जण आला, तर त्याला विहिरीचंच पाणी पाजलं, जेवू घातलं, ओट्यावर झोपू दिलं आणि जाताना पिशवीत दोन नारळ घातले. फिल्टर तेवढा घेतला नाही. अशी माणसं जगात आहेत हे या चोरांना बरोबर ठाऊक असतं हो! म्हाताऱ्या माणसाच्या भिडेवर दुकान मांडायचं, आणि घरात घेतलं म्हणून घरमालकिणीलाच दंडाला धरून लॉटरीच्या दारात उभी करायची! मेल्यांना लाज नाही ती नाहीच. मी तावातावानं म्हणालो, "आत्या, सगळं एका फटक्यात साफ करून टाकतो."

"थांबा. त्यात एखादा बरा पण असल. एकेकाचं नाव वाचा."

मग हजेरी झाली. मी नाव वाचायचं आणि आत्यांनी निकाल द्यायचा. रमी? "हाकला." लॉटरी? "आधी हाकला." लोणच्याच्या पाककृती? "तिनं काय केलंय बिचारीनं? ऱ्हाऊ दे." खरा गुन्हेगार सापडला तो शेवटी. सवलतीची कुपनं शोधून देणारा एक 'मदतनीस' ब्राउझरमध्ये ठाण मांडून बसला होता. कुठल्याही पानाच्या वाटेवरून वळवून नेण्याचा उद्योग त्याचाच. बसला त्याला आठ दिवसच झाले होते. "फुकट मदत करतो म्हणाला," आत्या पुटपुटल्या आणि पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. तो काढला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, पॉप-अप आणि रीडिरेक्ट, म्हणजे आगंतुक उघडणारी आणि भलतीकडे वळवणारी पानं, ब्लॉक आहेत ना ते तपासलं. या वेळी 'ब्लॉक' शब्द आत्यांना उर्मट वाटला नाही.

नकाशा उघडला. सरळ उघडला, कुठंही न वळता. आत्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत जहाजाचं नाव टाकलं. बंदर दिसलं, बंदराबाहेर उभी असलेली दहा-बारा जहाजं दिसली. त्यात लेकाचं नव्हतं.

"नाय आलं अजून," आत्या म्हणाल्या. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी घाईघाईनं म्हणालो, "आत्या, ही साइट जुनं दाखवत असेल. अशा आणखी असतात, दुसरीवर बघू, तिथं दिसेल."

त्यांनी माझा हात माउसवरून बाजूला केला. "नको. आता तुमी नका मला दुसरीकडं नेऊ. नाय आलं तर नाय आलं, पण खरं ते दिसतंय ना? मग मी बघते वाट."

चष्मा पदरानं पुसून त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्या निळ्या पाण्याकडे बघत बसल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, मी दार हळूच ओढून घेतलं.