झोपलेल्यांची मापं

चेहऱ्यावरच्या मांसाची जाडी मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी वैतागलेच होते. पोटाच्या सोनोग्राफीतून मान वर काढायला फुरसत नव्हती, त्यात हे. पण चितेगावजवळच्या पडक्या विहिरीत एक कवटी सापडली होती. ती कुणाची ते कळावं म्हणून तिच्यावर मातीचा चेहरा चढवायचा होता. कपाळावर, गालावर, हनुवटीवर हाडापासून कातडीपर्यंत किती मांस असतं, ते इथल्याच जिवंत माणसांवर मोजून द्यायचं होतं.

आमच्या मेडिकल कॉलेजातले शिपाई, कारकून, कँटीनवाले, सगळ्यांना धरून आणलं. जेल भरपूर लावलं. सोनोग्राफीचा प्रोब नुसता टेकवला, दाबला नाही, नाहीतर मांस दबून माप कमी येतं. एवढी काळजी घेतली आणि प्रत्येकाला सवयीनं म्हणाले, "झोपा." आयुष्यभर पेशंटला दुसरं काय सांगितलं होतं मी?

चेहरा तयार झाला, फोटो पोलीस ठाण्यांमध्ये गेले. मग शरीररचना विभागाच्या सरांनी विचारलं, "मॅडम, मापं बसवूनच घेतली ना?"

माणूस आडवा झाला की गालाचं मांस कानाकडे ओघळतं. म्हणजे तो चेहरा चुकला होता. कुणाची तरी आई फोटो बघून 'हा आमचा नाही' म्हणून परत जाईल.

त्याच आठवड्यात फुलंब्रीहून एक बाई आली. तिचा धाकटा भाऊ चितेगावच्या कंपनीत होता, दोन वर्षांपासून बेपत्ता. मी आधीच सांगून टाकलं, "ताई, गाल बरोबर नाहीत. चूक माझी आहे."

ती त्या मातीच्या चेहऱ्याजवळ जाऊन वाकली.

"व्हय, दिवसा असा नव्हता दिसत तो," ती म्हणाली. "पण नाईट करून आला की माझ्याकडं झोपायचा. चहाला उठवायला गेले की असाच दिसायचा. लई गाढ झोप त्याची."

मग तिनं पदराच्या टोकानं त्या मातीच्या कपाळावरची धूळ टिपली, जराही न दाबता.

पुढे तिच्या रक्ताचा डीएनए कवटीशी जुळला. तो तिचा भाऊच होता. मापं मी पुन्हा घेतली, सगळ्यांना खुर्चीत बसवून.

पेशंटला मात्र रोज "झोपा" म्हणावंच लागतं. त्यांनी डोळे मिटले की तो मातीचा चेहरा आठवतो, मला राहवत नाही. मी म्हणते, "डोळे उघडे ठेवा हो."