नावापुढचे टिंब

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना सगळे मधल्या वहिनी म्हणत. घरी त्या कुणाच्याच मधल्या वहिनी नव्हत्या. हे नाव कामावरून पडले होते. तळमजल्यावर एक जुना संगणक होता, कपाटांच्या रांगेएवढा, सदा घरघरणारा. शहरातल्या प्रत्येक नळाची नोंद त्याच्या पोटात होती. त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. आता फिटरांच्या मोबाइलमध्ये नवे ॲप येणार होते; ते ‘धाकटे’. थोरले ठरलेल्या रकान्यांत, मोजक्या अक्षरांत बोलत आणि धाकट्याला त्यातले अवाक्षर कळत नसे. सासू-सुनेने अबोला धरला की मधल्या जावेवर जी पाळी येते, ती वहिनींवर आली होती. इकडचे तिकडे पोचवायचे आणि कुणाची मर्जी मोडायची नाही. निरोप पोचवणारा हा प्रोग्राम त्या लिहीत होत्या. त्याला त्या ‘पूल’ म्हणत.

थोरल्यांची भाषा येणारे कचेरीत आता दुसरे कुणी उरले नव्हते. वहिनींचेही निवृत्तीचे वय उलटून गेले होते. दोनदा मुदतवाढ मिळाली. मागितली नव्हती, गळ्यात पडली होती. जिना चढताना त्या मधेच थांबून खिडकीबाहेर बघत. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, पण लागलेली धाप लपत असे.

दूरच्या गावी मोठी बहीण एकटी राहत होती. दोघींनी उरलेले दिवस एकत्र काढायचे, असे कधीचे ठरले होते. ताईची नजर मात्र थांबायला तयार नव्हती. ती रोज थोडी थोडी जात होती.

“कधी येतेस?” ताई फोनवर विचारी.

“पूल एकदा पसंत पडला की सुटले.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालीस. अगं, अजून माणसाचं तोंड दिसतंय मला. आलीस की तुझं एकदा नीट बघून घेते, मग खुशाल अंधार होऊ दे.”

अखेर पुलाच्या पसंतीचा दिवस उजाडला. साहेबांनी सहीचा कागद टेबलावर ठेवला. धाकटे चालवून बघायला एका जुन्या फिटरला बोलावले होते. धरलेले सोडत नाही म्हणून त्याला सगळे ‘पक्कड’ म्हणत. त्याने चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाशी नेला आणि एका गल्लीची यादी वरखाली केली.

“वहिनी, टिंब कुठं गेलं?”

“कसलं टिंब?”

“नावापुढचं. कागदी यादीत काही नावांपुढं असतं की.”

“ते होय? ते मी काढलं. नावं धुऊन पुसून पाठवते मी पुढं.”

पक्कडने चष्मा डोळ्यांवर ओढला. “धुतलंत? अहो वहिनी, टिंब असलं की त्या घरी आधी जाऊन सांगायचं आणि मगच व्हॉल्व्ह बंद करायचा. त्या घरात डायलिसिसचं यंत्र असतं. माणूस यंत्राला लावलेला असताना पाणी गेलं तर काय होईल?”

थोरल्यांच्या नोंदीत एकही रकाना मोकळा नव्हता, हे वहिनींना चांगले ठाऊक होते. तेव्हा अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या कुणीतरी अशा घरांची खूण म्हणून नावापुढे टिंब देऊन काम भागवले असणार. ते फिटरांना कळले, संगणकाच्या खोलीपर्यंत मात्र कुणी आणले नाही. आणि वहिनींनी चौकशी केलीच नव्हती असेही नाही. पूल लिहायला घेतला तेव्हा नोंदी भरणाऱ्या एका कारकुनाला त्यांनी विचारले होते, “ही टिंबं कसली?” तो शुद्धलेखनाचा भक्त. म्हणाला, “पूर्णविराम आहेत ते. नाव संपलं, विराम दिला. शाळेत काय शिकलो मग?” वहिनी हसल्या होत्या आणि त्यांनी सगळे विराम पुसून टाकले होते.

“टिंबाचं पुढच्या टप्प्यात बघू,” साहेब म्हणाले. “मॅडम, तुम्ही सही करा. पुसणं थांबवलं की टिंब परत येईल ना?”

“येईल. पण त्यातलं आजाराचं कुठलं आणि व्याकरणाचं कुठलं, हे थोरल्यांनाही माहीत नाही.”

“मग सगळ्याच टिंबवाल्यांना सांगत फिरतील.”

“अर्ध्या शहराला सांगत फिरू, तर व्हॉल्व्हला हात कधी लावू, साहेब?” पक्कड म्हणाला. “आम्हा म्हाताऱ्यांना घरं पाठ आहेत. नवी पोरं चार दिवस टिंब बघतील, मग बघायचं सोडतील.”

हा माणूस आज रजेवर असता तर, असे वहिनींच्या मनात आले. सही झाली असती, सामान बांधून झाले असते. मग या विचाराचीच त्यांना लाज वाटली. घरोघर विचारून एकेक नोंद सुधारायची, तर थोरल्यांत हात घालणारे दुसरे होतेच कोण?

त्यांनी पेन खाली ठेवले.

“साहेब, मुदतवाढीचा अर्ज तुम्हीच लिहा. माझ्याच्यानं आता लिहवत नाही.”

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळे सांगितले.

“कुणाच्या घरी आहेत गं ती यंत्रं?”

“तेच शोधायचंय.”

“मग शोध. मला काय, आवाज तर ओळखता येतोय तुझा.” आणि वहिनी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्या पक्कडबरोबर निघाल्या. पहिल्या घरी कसले यंत्र आणि कसले काय. सगळे ठणठणीत होते आणि भरल्या कामात दार वाजवले म्हणून वैतागलेही. टिंब कारकुनाचे निघाले. पुढच्या घराचा जिना अंधारा होता. वहिनी मधेच थांबल्या. इथे खिडकी नव्हती, त्यामुळे धाप लपली नाही. पक्कड एक पायरी खाली थांबला.

दार एका पोक्त बाईने उघडले. मागे आतल्या खोलीत काहीतरी एका लयीत घुमत होते. पक्कडच्या अंगावरचा कचेरीचा शर्ट बघताच तिने कोपऱ्यातली बादली उचलली.

“किती वेळ जाणार पाणी?”

“जाणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “आज नुसतं विचारायला आलोय.”

बाईने बादली खाली ठेवली, पण कडी हातातून सोडली नाही.

“कधी जाणार मग?”

“आधी येऊन सांगू. आत येऊ का? जरा बसते मी.”